फेस आणि ज्वाला

बंगळूरच्या सर्जापूर रोडच्या उत्तरेस बेळ्ळंदूर तलाव आहे. २०१५ साली त्याच्या सांडव्यावरील पांढऱ्या फेसाचे ढीग वाऱ्याने रस्त्यावर येऊ लागले. फेब्रुवारी २०१७ व जानेवारी २०१८ मध्ये तेथे आगीही लागल्या.

एवढा फेस पाहून पाण्याचे भयंकर रासायनिक रूपांतर झाले असावे, असे वाटते. हा समज चुकीचा आहे. सांडपाण्याबरोबर आलेले डिटर्जंट पाण्याचा पृष्ठताण कमी करते; पाणी कोसळताना त्यात हवा घुसळली जाते आणि तिच्याभोवती पाण्याचे पातळ पापुद्रे टिकून राहतात. पाणी, डिटर्जंट व हवा यांपैकी काहीही पालटत नाही. हा भौतिक बदल होय. आगीत मात्र गवतातील सेल्युलोजाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड व वाफ ही निराळीच द्रव्ये उत्पन्न होतात.

उलटवता येतो तो बदल भौतिक, न येणारा रासायनिक, असे शाळेत पुष्कळदा शिकवितात. ही कसोटी सोपी खरी, पण फसवी आहे. फुटलेली काच सांधत नाही, तरी ती काचच असते. उलट, विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून मिळालेले दोन वायू एकत्र पेटविले की पुन्हा पाणीच होते. विचारावयाचे ते इतकेच, की नवे द्रव्य निर्माण झाले काय?

हा भेद परीक्षेपुरता नाही. पाणी शिंपडून फेस बसविला, तरी डिटर्जंट तलावात व त्याच्या गाळात उरतेच. जोराचा पाऊस झाला की सांडव्याखाली पुन्हा फेस उभा राहतो.