घरची पिकअप आणि तिचें ट्यूनिंग

भूम तालुक्यांतील एका वाचकबंधूंचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. तीन भावांचें एकत्र कुटुंब, घरीं खव्याची भट्टी, आणि खवा बाजारांत पोंचविण्यासाठीं कर्जानें घेतलेली एक डिझेल पिकअप, असा त्यांचा संसार आहे. गाडी आतां पूर्वीप्रमाणें चढ चढत नाहीं, काळा धूर सोडते, डिझेलहि अधिक पिते. तेव्हां तिचें ट्यूनिंग घरच्या घरीं करतां येईल काय, आणि येत असल्यास कोठपर्यंत, असें त्यांनीं विचारलें आहे. प्रश्न एका घराचा असला तरी पुष्कळांचा आहे. एम्. एच्. २५ अशी पाटी लावलेल्या पिकअप आज धाराशिव जिल्ह्यांतील वाड्यावस्त्यांवर बैलजोडीच्या जागीं उभ्या आहेत, आणि खव्यानें भरलेली गाडी मध्यरात्रीं घाटांत बंद पडली तर तो खवा मिस्त्रीची वाट पाहत थांबत नाहीं. म्हणून या महिन्याचें प्रकरण आम्ही त्या पत्रास देत आहों.

प्रथम 'ट्यूनिंग' या शब्दाविषयीं. वाद्य सुरांत लावणें हा त्याचा अर्थ. मोटारीच्या जगांत तो पेट्रोलच्या इंजिनासाठीं रूढ झाला. त्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटतें. जुन्या जीपगाड्यांत ठिणगी देणारे प्लग झिजत, पॉइंट जळत, ठिणगीची वेळ सरकत असे, कार्बुरेटर चोंदत असे. हीं सर्व अंगें मधून मधून जुळवून घ्यावीं लागत. डिझेलच्या इंजिनांत यांपैकीं एकहि वस्तु नाहीं. रुडोल्फ डिझेल या इंजिनिअरानें १८९७ सालीं जर्मनींत औग्सबुर्ग येथें जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें मर्मच हें कीं त्यास ठिणगी लागत नाहीं. नुसती हवा आंत घेऊन ती मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली कीं ५०० अंशांहून अधिक तापते, आणि त्या तप्त हवेंत डिझेलचा फवारा पडतांच तो आपोआप पेट घेतो. (हा गृहस्थ १९१३ सालीं इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून एका रात्रींत नाहींसा झाला, त्याच्या इंजिनानें मात्र पृथ्वी व्यापली.) तेव्हां डिझेल गाडीचे 'प्लग बदलले' म्हणून कोणीं बिल पुढें केलें, तर ते कोणते प्लग, हें विचारण्याचा मालकास पूर्ण अधिकार आहे. थंडींत इंजिन लवकर चालू व्हावें म्हणून पुष्कळ गाड्यांत हीटर प्लग असतात खरे. परंतु तापलेल्या इंजिनास चढावर दम लागतो त्याच्याशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं ते एका वर्षांत दोनदां बदलून घेतले. पैसे गेले, दम राहिला.

डिझेल इंजिनाचें ट्यूनिंग म्हणजे त्यास हवा पुरेशी मिळते कीं नाहीं, डिझेल स्वच्छ मिळतें कीं नाहीं, तेल व पाणी यथास्थित आहे कीं नाहीं, आणि झडपा पूर्ण मिटतात कीं नाहीं, एवढें पाहणें. यांपैकीं बहुतेक काम घरांतील कोणाहि समजूतदार माणसाच्या हातचें आहे.

हवेचें काम सर्वांत सोपें, आणि आपल्या जिल्ह्यांत सर्वांत महत्त्वाचें. एक लिटर डिझेल जळण्यास कमींत कमी दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे पन्नास लिटर डिझेल संपेपर्यंत इंजिनानें पांच लक्ष लिटर हवा ओढलेली असते. आणि ती हवा कोणती? सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतली, उसाच्या फडाच्या वाटेवरची, बालाघाटाच्या उघड्या माळावरची. त्या हवेंतील सर्व धूळ एअर फिल्टरच्या कागदी घड्यांत बसते. घड्या भरल्या कीं हवा कमी पडते, डिझेल मात्र तेवढेंच येतें. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी काळा धूर होऊन बाहेर पडते. सपाट रस्त्यावर हा दोष लपतो. सोलापुराहून तुळजापूरचा घाट चढून धाराशिवास येतांना गाडीस सुमारें दोनशें मीटर वर यावें लागतें. तेथें तो उघडा पडतो. पत्रांतील तिन्ही तक्रारींचें मूळ एवढ्याच एका जागीं असण्याचा संभव मोठा आहे, आणि नोझल, पंप यांची नांवें काढण्यापूर्वीं तेथें पाहावें.

फिल्टरच्या डब्याच्या कड्या काढून आंतला फिल्टर बाहेर घ्यावा. तो पाण्यानें धुवूं नये, रॉकेलनें तर नाहींच. हलक्या हातानें झटकावा. हवेचा झोत मारावयाचा तर आंतून बाहेर आणि मंद. बाहेरून आंत मारलेल्या झोतानें धूळ घड्यांत अधिक रुतते, पण मारणारे बहुतेक जण तसाच मारतात. नंतर आंत विजेरी धरून पाहावें. उजेड दिसत नसल्यास फिल्टर बदलावा. आणि टांचणीच्या टोंकाएवढें एखादें छिद्र चमकलें तर फिल्टर नवा दिसत असला तरी तो टाकावा. त्या छिद्रांतून गेलेली धूळ तेलांत मिसळून सिलिंडर आंतून घांसते, आणि तें नुकसान पुढें कोणत्याहि ट्यूनिंगनें भरून येत नाहीं. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप तडकला आहे काय, त्याची पट्टी सैल आहे काय, हेंहि त्याच वेळीं पाहावें.

आतां डिझेल. पंप आणि नोझल यांच्या आंतील भागांस वेगळें वंगण नसतें. डिझेल हेंच त्यांचें वंगण. त्यांत पाणी शिरलें कीं ते भाग गंजतात. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडींत राहिली कीं आंतल्या हवेचा ओलावा पत्र्यावर जमतो व डिझेलखालीं जाऊन बसतो. घरीं कॅनमध्यें साठविलेल्या डिझेलांत तर तो हमखास असतो. यासाठीं डिझेल फिल्टरच्या तळाशीं एक लहानसा स्क्रू दिलेला असतो. सकाळीं, गाडी हलविण्यापूर्वीं, त्याखालीं कांचेचा पेला धरून तो सैल करावा. आधीं पाणी येतें, मग डिझेल येतें, आणि पेल्यांत दोघांमधील रेघ स्पष्ट दिसते. मुलांस हें अवश्य दाखवावें. फिल्टर बदलल्यास नळींत हवा राहते व इंजिन चालू होत नाहीं. यासच 'एअर धरली' म्हणतात. बहुतेक गाड्यांत फिल्टरजवळ छोटा हातपंप असतो. तो कडक लागेपर्यंत दाबावा. स्टार्टर फिरवीत बसून बॅटरी मारूं नये.

येथवर घरचा हात. याच्या पुढें, म्हणजे पंपाकडून नोझलांकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांस, घरच्या पान्यानें स्पर्श करूं नये. नव्या प्रकारच्या इंजिनांत त्या नळ्यांमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. नळी कोठें गळते हें पाहण्यास चालू इंजिनावर बोट फिरविणारे आम्हीं पाहिले आहेत. तो सुईसारखा फवारा कातडींतून सरळ आंत शिरतो. बाहेर लाल ठिपका दिसतो, दुखतहि नाहीं, आणि कांहीं तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असें झाल्यास हळद लावून सकाळची वाट पाहूं नये. त्याच क्षणीं शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें आणि 'डिझेल आंत शिरलें आहे' असें स्पष्ट सांगावें.

तेलाविषयीं थोडक्यांत. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनीं सळई पुसून पुन्हां घालून पाहावी. दोन खुणांच्या मध्यें तेल असावें. डिझेल इंजिनांत नवें तेल थोड्याच दिवसांत काळें पडतें, त्यावरून तें खराब झालें असें समजूं नये. तें दुधाळ दिसलें तर मात्र त्यांत पाणी गेलें आहे. गाडी तेथेंच उभी ठेवावी. रेडिएटरांत बोअरचें पाणी घालण्याची आपल्याकडील चाल वाईट आहे. त्या जड पाण्याचा थर चहाच्या भांड्यांत बसतो तसाच रेडिएटरांत बसतो, आणि उन्हाळ्यांत इंजिन तापूं लागतें. पुस्तकांत सांगितलेलें कूलंट व शुद्ध केलेलें पाणीच घालावें. गरम रेडिएटरचें झांकण उघडूं नये, हें सर्वांस ठाऊक असूनहि दर वर्षीं कोणी तरी भाजतो. आणखी एक गोष्ट घरांतील स्त्रियांनींहि लक्षांत ठेवावी: पुष्कळ कूलंट चवीला गोड असून विषारी असतें. सांडलेलें लगेच धुवावें. उरलेलें सरबताच्या बाटलींत कदापि ठेवूं नये.

झडपांचें काम, ज्यास मिस्त्री 'टॅपेट करणें' म्हणतात, हें जुन्या तंबोऱ्याच्या खुंट्या पिळण्यास सर्वांत जवळचें आहे, आणि आमचा जीव त्यांत विशेष रमतो. झडप व तिला दाबणारा दांडा यांच्यामध्यें मिलिमीटराच्या कांहीं दशांशांची फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर लोखंड वाढतें. ती फट मोजण्यास पोलादी पट्ट्यांचा एक जुडगा मिळतो; प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली असते. पट्टी फटींतून किंचित् घांसत सरकली पाहिजे, अडूं नये आणि सैलहि जाऊं नये. हें काम कोणत्या स्थितींत करावें व फट किती ठेवावी, हें गाडीच्या पुस्तकांतूनच घ्यावें. शेजाऱ्याच्या गाडीचा आंकडा आपल्या गाडीस लावूं नये. फट वाढली तर टकटक आवाज येतो. तो लोकांस सहन होत नाहीं, म्हणून ते ती नको तितकी आवळतात. मग झडप पूर्ण मिटत नाहीं, तापलेला वायु तिच्या कडेनें निसटतो आणि झडप जळते. थोडी टकटक पत्करावी. पुष्कळ नव्या इंजिनांत ही फट तेलाच्या दाबानें आपोआप जुळते. तेथें करण्यासारखें कांहीं नसतें. पहिल्या वेळीं अनुभवी मिस्त्रीस घरीं बोलावून त्याच्या शेजारीं उभें राहून शिकावें, आणि त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ या नियमांप्रमाणें विकल्या जाणाऱ्या गाड्यांत धूर शुद्ध करणारी नाजूक यंत्रणा असते. अशा गाडींत भलतें तेल घातल्यास ती चोंदते. आणि हमीची मुदत असेपर्यंत तिचें काम अधिकृत कार्यशाळेंतच करून शिक्का घ्यावा. घरीं एअर फिल्टर व पातळ्या पाहाव्या, तेवढें पुरे.

पत्रांत एक वाक्य सहज लिहिलें गेलें आहे: "गाडी तिघेहि भाऊ चालवितात." आमच्या मतें निम्मा रोग या वाक्यांत आहे. थोरले दिवसा नेतात, मधले रात्रीं नेतात, धाकटे मिळेल तेव्हां. आणि तेल दुसऱ्यानें पाहिलें असेल असें प्रत्येकास वाटतें. आमच्या पाहण्यांतील एका घरीं खव्याचा हिशेब धाकट्या सूनबाई ठेवतात. त्यांनीं त्याच वहीचें डावें पान गाडीस दिलें: तारीख, किलोमीटर, डिझेल किती लिटर, काय बदललें, कोणीं पाहिलें. सूनबाईंना गाडी चालवितां येत नाहीं. परंतु लिटरास १४ किलोमीटर देणारी गाडी ११ वर आली हें घरांत प्रथम त्यांच्याच ध्यानांत आलें, आणि दीर अद्याप रस्त्याला दोष देत असतांना त्यांनीं फिल्टर काढून पाहावयास लावला. काळा धूर दिसण्याच्या आधीं तो वहींत दिसतो. पत्रलेखकांनीं पाना विकत घेण्यापूर्वीं वही घालावी, आणि दर पंधरा दिवसांनीं गाडी पाहण्याचें काम एकाच भावाच्या नांवें लावून द्यावें. तो भाऊ कोणता, यांत आम्ही पडत नाहीं.

काम करतांना गाडीखालीं शिरावें लागल्यास केवळ जॅकच्या भरंवशावर शिरूं नये. पक्के आधार द्यावे, चाकांस दगड लावावे. बॅटरीची तार काढतांना आधीं ऋण बाजूची काढावी. काढलेलें जळकें तेल ओढ्यांत किंवा उकिरड्यावर ओतूं नये; झांकणाच्या डब्यांत भरून तें घेणाऱ्या अधिकृत दुकानीं द्यावें. हात साबणानें धुवावे.

गाडी विकून नवी घ्यावी काय, असेंहि पत्राच्या शेवटीं विचारलें आहे. एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलून, टॅपेट पाहून, एक महिना वही लिहावी. तरीहि चढावर दम लागत असेल व धुरास निळसर छटा असेल, तर इंजिन तेल जाळीत आहे. अशा वेळीं मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचें कॉम्प्रेशन मोजून घ्यावें. ते आंकडे व वहीचें पान आमच्याकडे पाठविल्यास पुढील अंकीं उत्तर देऊं. तोंवर नव्या कर्जाच्या कागदावर सही करूं नये.