अंगठा गेला, ओटीपी आला

आमच्या घरात कागद वाचणारी मी पहिली. आजोबांनी आयुष्यभर अंगठा उठवला. वडील चौथीपर्यंत शिकले. ते सही करतात, पण सहीच्या वर काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून वाचून घेतात. मी अकरावीला गेले तेव्हापासून हा 'दुसरा' म्हणजे मी. सोसायटीची नोटीस, विजेचे बिल, डेअरीचा हिशेब, सारे माझ्या हाती येते. "आमची पोर वाचती, आता आम्हांला कोण फसवतंय?" असे वडील पारावर अभिमानाने सांगत. त्याच पोरीने गेल्या श्रावणात दुधाच्या पगाराचे १४,२०० रुपये एका भामट्याच्या हवाली केले. ही कबुली वार्षिकांकात द्यावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी वाटले, हसणारे हसोत; पण एखादी मैत्रीण जरी वाचली तरी लिहिल्याचे सार्थक होईल.

झाले ते असे. दुपारी साडेचारला ई-मेल आला. वर राजमुद्रा, खाली माझे पूर्ण नाव. 'आधार पडताळणी न झाल्यामुळे आपली शिष्यवृत्ती रद्द होत आहे. आज सायंकाळी पाचपूर्वी खालील दुव्यावर माहिती भरावी.' शिष्यवृत्ती गेली तर शिक्षण गेले, हे आमच्या घरचे साधे गणित आहे. मी दुवा उघडला. पडताळणीसाठी एक रुपया भरायचा होता. माझ्या खात्यात धड पन्नास रुपयेही नव्हते, म्हणून वडिलांचे कार्ड घेतले, त्यावरचे आकडे भरले आणि फोनवर आलेला ओटीपी टाकला. पाच वाजण्याच्या आत काम झाले म्हणून मी सुटकेचा श्वासही टाकला!

नंतर तो ओटीपीचा संदेश पुन्हा पाहिला. त्यात स्वच्छ लिहिले होते की हा क्रमांक १४,२०० रुपयांच्या व्यवहारासाठी आहे, कोणालाही सांगू नये. सत्य माझ्या हातात होते. मी त्यातले फक्त सहा आकडे वाचले, बाकीचे वाक्य वाचलेच नाही. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू वाचलं व्हतंस नव्हं?" मित्रहो, त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

इतिहासाच्या तासाला आपण १८७५ चे दख्खनचे दंगे शिकतो. आमच्या गावापासून सुपे फार लांब नाही. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. परीक्षेपुरता हा प्रश्न मी पाठ केला होता. त्यांनी कागदच का जाळले, हे मात्र मला आता कळले. ज्या कागदाखाली आपला अंगठा आहे पण ज्यातला मजकूर आपला नाही, तो कागद माणसाला गिळतो. सरकारने १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्यात शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर करण्याची तरतूद होती. म्हणजे अंगठा उठवण्याआधी कोणीतरी तटस्थ माणूस मध्ये असावा, हे तेव्हाही पटले होते. ओटीपी हा आजचा अंगठा आहे. आजोबांना वर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. मला येत होते, तरी मी वाचले नाही.

या विषयावर बोलताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, 'अडाणी माणसेच फसतात.' हे वाक्य खोटे आहे. वर्धमान या मोठ्या वस्त्रोद्योग समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना २०२४ साली अशाच टोळीने सात कोटी रुपयांना फसवले. चोरांनी सीबीआयचे अधिकारी असल्याचे सोंग घेतले, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीसुद्धा व्हिडिओवर उभी केली. ज्यांच्या पदरी वकील आणि हिशेबनीस आहेत, ते फसतात. मग शिक्षण कुठे गेले? माझे उत्तर असे की चोर आपल्या अज्ञानापेक्षा आपल्या भीतीवर अधिक विसंबतो. माणूस घाबरला आणि त्याला घाई झाली की त्याची पदवी खुंटीला टांगली जाते. म्हणूनच अशा प्रत्येक निरोपात दोन गोष्टी असतात: काहीतरी हिरावले जाण्याचा धाक आणि 'आजच, आत्ताच' ही मुदत. याला 'फिशिंग' म्हणतात ते उगीच नव्हे. त्या नावातच गळ आणि आमिष आहे.

मग ओळखायचे कसे? ठेच लागल्यावर शिकलेले चार शब्द सांगते. ई-मेलवर पाठवणाऱ्याचे जे नाव दिसते ते कोणीही काहीही लिहू शकतो. पाकिटाच्या मागे 'प्रेषक: जिल्हाधिकारी' असे लिहायला कोणाची परवानगी लागते? खरा पत्ता दुव्यात असतो आणि तो शेवटाकडून वाचायचा असतो. पहिल्या तिरक्या रेघेपूर्वीचे शेवटचे शब्द कोणते, ते पाहावे. महाडीबीटीच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. मला आलेल्या दुव्यात 'गव्ह' हा शब्द होता, पण तो मधे कुठेतरी खोचलेला होता आणि शेवट भलताच होता. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हा स्वतंत्र शेवट घ्यायला लावला तो याचसाठी. दुसरे, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. तिसरे, 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक भारतीय कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर माणसाला कोंडून ठेवत नाहीत. आणि चौथे, शंका आली तर निरोपातला दुवा वा क्रमांक न वापरता आपण स्वतः शोधलेल्या मार्गाने त्या कचेरीला विचारावे.

पण माझ्या मते सर्वांत मोठी चूक फसल्यानंतर होते. मी दोन दिवस कोणालाच काही बोलले नाही. शरम वाटली. तिसऱ्या दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार केली, तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जाऊन निघूनही गेले होते. लगेच कळवले तर पुढच्या बँकेत ती रक्कम अडवता येते. उशीर झाला की हात चोळत बसावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचे तत्त्वही हेच होते की आपल्या चुकीने ओटीपी गेला तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे माझे ते दोन दिवसांचे मौन चोराच्याच कामी आले. आणि ते मौन माझ्यावर लादले कोणी? फसलेल्याला हसणाऱ्या आपण सर्वांनी! ज्याच्या घरी चोरी होते त्याला आपण धीर देतो, मग ज्याच्या खात्यात चोरी होते त्याला मूर्ख का ठरवतो? कायदा तरी त्याला मूर्ख म्हणत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणे संगणकाच्या साहाय्याने सोंग घेऊन फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हा त्याचा आहे, आपला नव्हे.

जाता जाता एक तक्रार खऱ्या संस्थांबद्दलही. आपल्याला येणाऱ्या खऱ्या सूचना तरी कशा असतात? व्हॉट्सॲपवर कोणीतरी पुढे ढकललेला दुवा, खाली सही नाही, जावक क्रमांक नाही, आणि 'आजच भरा, अन्यथा जबाबदारी आपली' हा दम. खरा निरोप आणि खोटा निरोप एकाच तोंडाने बोलू लागले तर विद्यार्थ्याने ओळखायचे कशावरून? म्हणून आपल्या महाविद्यालयाला माझी नम्र विनंती आहे. शिष्यवृत्ती, फी आणि परीक्षा यांची प्रत्येक सूचना फलकावर सही-शिक्क्यानिशी लागावी. निरोपात दुवा न देता 'फलक पाहा' एवढेच लिहावे. पैसे भरण्याची मुदत एका दिवसाची नसावी. आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावाचे रस्ते झाडतो, तशी एक संध्याकाळ या कामासाठी ठेवावी. घरोघरी आमच्यासारख्या मुलामुलींच्या भरवशावर बसलेले आईबाप आहेत. त्यांना कोणी व्याख्यान द्यायला नको, शेजारी बसून एक संदेश पूर्ण वाचून दाखवला तरी पुरे.

आमच्या घरी तो वर्ग सुरू झाला आहे. आता ओटीपी आला की वडील फोन माझ्या हाती देतात आणि म्हणतात, "आकडा मागनं. आधी वरचं समदं मोठ्यानं वाच." मी वाचते. ते ऐकतात आणि ऐकून झाल्यावर क्षणभर थांबतात. गेलेले १४,२०० रुपये काही परत आले नाहीत. पण वाचणे म्हणजे काय, ते चौथी शिकलेल्या माझ्या वडिलांनी द्वितीय वर्षाच्या मुलीला शिकवले.

– द्वितीय वर्ष कला (इतिहास)