किहीमच्या कॉटेजची वेबसाइट : पाटी तुमची, पण नाव कोणाचं?

मुंबईतलं एखादं कुटुंब शुक्रवारी मोबाइलवर ‘किहीम बीच कॉटेज’ शोधतं, तेव्हा वर दिसतात त्या बहुतेक बुकिंग कंपन्या. चोंढीहून आत वळल्यावर नारळ-सुपारीच्या वाडीत ज्यांच्या चार खोल्या आहेत, त्यांची स्वतःची वेबसाइट असलीच तर खाली कुठेतरी. काहींची होती, ती गेली.

गेली कुठे?

गूगलने 2017 मध्ये छोट्या व्यावसायिकांना फुकट वेबसाइट द्यायला सुरुवात केली होती. नकाशावर नोंद करायची, चार फोटो टाकायचे, की पान तयार. पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’. मार्च 2024 मध्ये गूगलने ही सगळी पानं बंद केली. 10 जून 2024 पर्यंत जुना पत्ता उघडणाऱ्याला नकाशावरच्या नोंदीकडे पाठवलं जायचं, नंतर तेही थांबलं. व्हिजिटिंग कार्डावर आणि रस्त्यावरच्या पाटीवर छापलेला पत्ता वाया गेला.

मग बुकिंग कंपन्या आहेत की!

आहेत, आणि त्या गिऱ्हाईक आणतातही. पण समजा 4,000 रुपयांच्या खोलीवर 20 टक्के कमिशन गेलं, तर एका रात्रीचे 800 रुपये. वर्षाला अशा 60 रात्री धरल्या तर 48,000. शिवाय अटी वेगळ्याच. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हॉटेलने स्वतःच्या वेबसाइटवरही आमच्यापेक्षा कमी दर लावायचा नाही, अशा प्रकारच्या करारांवर आयोगाचा आक्षेप होता. या अटी बदलायलाही सांगितलं. स्वतःची वेबसाइट किती कामाची असते, हे या अटीवरूनच कळतं.

खर्च नेमका कशाचा?

वेबसाइटला तीन गोष्टी लागतात. नाव, म्हणजे डोमेन. जागा, म्हणजे होस्टिंग. आणि पानं बनवणारा माणूस. डॉट इन नावाचा वर्षाचा खर्च साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर असतो. कुलपाचं चिन्ह दाखवणारं सुरक्षा प्रमाणपत्र फुकटही मिळतं. ते नसेल तर 2018 पासून क्रोम थेट ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतं, आणि गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं.

घोळ होतो तो नावाच्या बाबतीत. वेबसाइट बनवणारा मुलगा ओळखीचा असतो, डोमेन तो स्वतःच्या ईमेलवर घेतो. दोन वर्षांनी तो पुण्यात नोकरीला लागतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या इनबॉक्सात पडून राहते आणि मुदत संपते. मग ते नाव कोणीही विकत घेऊ शकतं. म्हणून डोमेनचं खातं, ईमेल आणि ओटीपी येणारा मोबाइल मालकाचाच हवा. होस्टिंगचा पासवर्डही मालकाकडे हवा. डिझाइन नंतर कधीही बदलता येतं.

फसवणुकीचा मुद्दाही इथेच येतो. सुट्ट्यांच्या दिवसांत हॉटेल-बुकिंगच्या खोट्या वेबसाइट निघतात, असा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये दिला. खऱ्या मालकाच्या साइटवर पर्यटन विभागाकडची नोंदणी, वाडीतले आजचे फोटो आणि उचलला जाणारा फोन नंबर असेल, तर पैसे पाठवण्याआधी पाहुण्याला खातरजमा करता येते. फसवणूक झालीच तर 1930 वर तक्रार करता येते.

देखभाल म्हणजे दर महिन्याला पैसे मोजणं असंच नाही. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, रो-रोचं वेळापत्रक बदलतं, मे महिन्याचा दर जुलैत लागू नसतो. एवढं बदलायला अर्धा तास पुरतो, पण तो काढायचा कोणी हे आधी ठरलेलं नसतं. त्यामुळे बऱ्याच साइटवर भर पावसातही गेल्या दिवाळीचे दर झळकत असतात.