फिरत्या घराच्या छपरावर सूर्याची वीज

जुलै 2017 मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी दिल्लीच्या सफदरजंग स्थानकात एका आगगाडीला हिरवा झेंडा दाखवला. तिचे डबे चेन्नईच्या पेरांबूर भागातील इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनले होते आणि सहा डब्यांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवलेले होते. ‘सूर्यावर चालणारी गाडी’ म्हणून तिचा बराच गाजावाजा झाला. प्रत्यक्षात गाडी ओढत होते डिझेल इंजिनच! सूर्याकडे काम होते ते डब्यांतील दिवे आणि पंखे चालवण्याचे.

पिकअप ट्रकवर राहण्याची खोली बांधून सहकुटुंब भटकंतीला निघण्याची हौस आता आपल्याकडेही वाढते आहे. अशा फिरत्या घरावर पॅनेल बसवू पाहणाऱ्यांनी या आगगाडीचा धडा आधी गिरवावा. छप्पर लहान असते, त्यामुळे वीजही मोजकीच मिळते.

किती वीज मिळेल?

लहान कॅम्परच्या छपरावर 300 वॅटचे एक मोठे पॅनेल सहज मावते. चेन्नईत वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे पाच तासांचे भरपूर ऊन धरले, तर कागदावर दीड युनिट वीज होते. धूळ, उष्णता आणि बॅटरीतील घट वजा जाता हाती उरते साधारण एक युनिट.

आता खर्च पाहा. तीस वॅटचा पंखा आठ तास, पाच वॅटचे तीन दिवे पाच तास, दोन मोबाईल आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज यांना मिळून सुमारे पाऊण ते एक युनिट लागते. हिशेब जेमतेम जुळतो. पण वातानुकूलन यंत्र रात्रभर चालवायचे म्हटले, तर पाच-सहा युनिट हवेत. तिथे अंथरूण पाहूनच पाय पसरावेत हे बरे.

ऊन हवे की सावली?

चेन्नई विषुववृत्तापासून फार लांब नाही. एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्यास सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे पॅनेल छपरावर सपाट बसवले तरी चालते. मात्र पॅनेल जसजसे तापते, तसतशी त्याची वीज घटते. म्हणून ते पत्र्याला चिकटवून न बसवता खाली चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. वारा खेळता राहतो आणि पत्र्यावर सावली पडून आतला उकाडाही थोडा कमी होतो.

अडचण वेगळीच आहे. भर दुपारी माणसांना झाडाची सावली हवी असते, तर पॅनेलला ऊन! फांदीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटू शकते. अशा वेळी लांब वायरीचे, घडी होणारे एखादे जादा पॅनेल उन्हात मांडता येते.

बसवताना

एका पॅनेलचे वजन वीस किलोच्या आसपास असते आणि धावत्या गाडीत वारा ते उचलू पाहतो. केवळ गोंदावर विसंबू नये. बोल्ट मारावेत आणि प्रत्येक भोक सीलंटने बंद करावे. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर मुसळधार पाऊस पडतो, एवढ्याशा फटीतूनही गाद्या भिजतात. समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे साधे लोखंड गंजते, म्हणून बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. त्याला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. काम चालू असताना पॅनेलवर जाड कापड टाकावे, कारण उजेडात ते वीज देतच असते. बॅटरीजवळ फ्यूज टाकायला विसरू नये. पाच-पन्नास रुपयांची ही वस्तू नसेल, तर वायर तापून झोपलेल्या कुटुंबाच्या खालीच आग लागू शकते. वायरिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि गाडीत कायमचा बदल करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी.

एवढा खटाटोप कशासाठी? डिसेंबर 2016 मध्ये वरदा चक्रीवादळ आले, तेव्हा चेन्नईच्या अनेक भागांत काही दिवस वीज नव्हती. अशा वेळी दारात उभ्या कॅम्परच्या छपरावरचे एक युनिट फार मोलाचे ठरते. आजीच्या उशाशी पंखा फिरतो, फ्रीजमधले इन्सुलिन थंड राहते आणि गावाकडच्या माणसांना ‘आम्ही ठीक आहोत’ एवढे कळवता येते.