हात आहे, नाव नाही

गुजरातेत गावाच्या वेशीवर, तळ्याकाठी पाळिया उभे असतात. पाळिया म्हणजे आपल्याकडची वीरगळ. वर चंद्र-सूर्य, मधे घोड्यावर बसलेला भालाधारी वीर, खाली अक्षरं: कोण, कुणाचा मुलगा, कोणत्या साली पडला. कुणी गाई सोडवताना गेला, कुणी गाव राखताना. शेजारी कधीकधी दुसरा दगड असतो. त्यावर बाई नसते, बाईचा नुसता हात असतो. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला. सतीचा हात. बांगड्या मोजता येतील इतक्या नीट कोरलेल्या. नाव मात्र कित्येक दगडांवर शोधूनही सापडत नाही.

पलसाण्यात राहून मराठीत लिहिणारी मी जैन बाई. तुला गं लढाईचं काय पडलंय, असं मंडळातल्या बायका विचारतात. लढाईचं नाहीच पडलं. मला पडलंय ते नावाचं.

इटलीत व्हेनिसजवळ कॉन्कॉर्डिया नावाचं गाव आहे. तिथे १९व्या शतकात एक जुनं कब्रस्तान खणून निघालं. इसवी सन ४०० च्या आगेमागे रोमन फौजेतली माणसं तिथे दगडी पेट्यांत पुरलेली. पेट्यांवर सैनिकाचं नाव, त्याची तुकडी, पेटी त्याने स्वतःच्या पैशाने घेतली, आणि कुणी ती उघडली तर सरकारी खजिन्यात दंड भरावा, अशी ताकीद. एका पेटीवर नाव आहे फ्लाविया ओप्ताता. नाव बाईचं. पुढे 'सैनिक' हा शब्द अर्धाच कोरलेला, मग तुकडी, मग तीच दंडाची ताकीद. 'बायको' हा शब्द तिथे कुठेच नाही. अभ्यासक मात्र वाचतात, 'सैनिकाची बायको'. बहुधा तेच बरोबरही असेल. पण बघा, अक्षर अपुरं राहिलं की बाईच्या बाबतीत रिकामी जागा कुठल्या शब्दाने भरायची, हे जगाला विचारावं लागत नाही.

आता आपल्या घरचं. श्रवणबेळगोळला १०व्या शतकातला एक वीराचा दगड आहे, आणि तो वीर बाई आहे. तिचं नाव सावियब्बे. घोड्यावर बसून तिने तलवार उगारली आहे, समोरचा शत्रू हत्तीवर. नवऱ्यासोबत लढाईत गेली आणि बगेयूरला पडली. दगडावर तिच्या बापाचं नाव आहे, आईचं आहे, नवऱ्याचं आहे, आणि तिचं स्वतःचंही आहे. पक्की श्राविका, धर्मात रेवतीसारखी, असंही तिच्याबद्दल लिहून ठेवलंय. मी हिंसेची भलामण करत नाही. एवढंच म्हणते, की हजार वर्षांपूर्वी आपल्या समाजाला बाईचं नाव कोरताना हात थरथरला नव्हता.

आणि आज? कुठल्याही उपाश्रयाच्या पायरीवर उभ्या राहा आणि संगमरवरी तक्त्या वाचा. 'अमुकभाई परिवार, हस्ते तमुकभाई.' बोली लागली तेव्हा पैसे कुणाच्या काटकसरीतून आले? महिना महिना निव्वळ पाण्यावर उपवास कुणी केले? पारण्याची पत्रिका छापली तर तिथेही आधी सासरा, मग नवरा, मग दीर. तपस्वी बाई सगळ्यांच्या खाली, 'धर्मपत्नी' म्हणून. गेल्यावर तिला 'मातुश्री' म्हणून तक्ती मिळते. जिवंतपणी नाव हवं असेल तर मरावं लागतं, हा कुठला न्याय?

याला ठरलेलं उत्तर येतं: नावाचा मोह म्हणजे मान-कषाय, बाईने तरी तो सोडावा. सोडू की! आधी पुरुषांनी आपल्या नावांवर चुना फासावा, मग आम्ही सोडू. सोडायला आधी हातात काही असावं लागतं. जिचं नाव कधी लिहिलंच नाही, तिच्याकडून त्याग कसला मागता? त्याग नव्हे तो, पुसून टाकणं आहे.

तेव्हा बायांनो, पुढच्या वेळी घरातून देणगी जाईल, तेव्हा पावती करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगा. स्पष्ट सांगा. तप तुम्ही केलंत तर पत्रिकेत पहिली ओळ तुमची असू द्या. आणि कोरून घेताना अर्धं अक्षर सोडू नका. ओप्ताताच्या त्या अर्ध्या शब्दाचं काय झालं, ते आत्ताच वाचलंत.