पानगळ पाहण्यासाठी सुट्टी

आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यावर ‘रविवारी सायंकाळी बंद’ अशी पाटी असते. आठवड्याची विश्रांती ती एवढीच, आणि तीही लग्नमुंजीत नाहीतर एखाद्या व्याख्यानात खर्ची पडते. केवळ झाडांची पाने पाहण्यासाठी कोणी दोन दिवस दवाखाना बंद ठेवला, तर आपण त्याच्याच प्रकृतीची चौकशी करू. मला मात्र ही गोष्ट अवश्य करण्याजोगी वाटते, आणि तिची सोय आपल्या संस्थेने करावी असे माझे म्हणणे आहे.

एका ऑक्टोबरात आम्ही उभयता बॉस्टनला कन्येकडे असताना जावईबापूंनी आम्हांला शनिवार-रविवार न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्समध्ये नेले. तेही डॉक्टरच. हे दोन दिवस मोकळे मिळावेत म्हणून त्यांनी उन्हाळ्यातच सहकाऱ्याशी ड्यूटीची अदलाबदल करून ठेवली होती. लिंकन ते कॉनवे हा कँकामॅगस महामार्ग सुमारे ५५ किलोमीटरचा. वाटेत एक पेट्रोल पंपसुद्धा नाही. दोहों बाजूंस फक्त अरण्य. मेपल लाल, बर्च पिवळे, ओक तपकिरी आणि त्यांत मधूनमधून सूचिपर्णी वृक्षांचा काळसर हिरवा. शहापूरच्या साड्यांच्या पेठेत वाढलेल्या आमच्या सौभाग्यवतींनाही एवढे रंग एका जागी पाहिल्याचे आठवेना. वळणावळणावर गाड्या थांबत, माणसे उतरत आणि बराच वेळ नुसती उभी राहत.

वैद्यकाच्या दृष्टीनेही हा प्रकार मनोज्ञ आहे. दिवस लहान होऊ लागले की पानात नवे हरितद्रव्य तयार होईनासे होते आणि त्याखाली झाकलेला कॅरोटिनॉइडांचा पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंगाचे तसे नाही. ते अँथोसायनिन मेपल त्याच दिवसांत नव्याने तयार करतो. दिवस उन्हाचे व रात्री थंड, पण गोठविणाऱ्या नसल्या, की ते अधिक खुलते. दरम्यान नत्र, स्फुरद इत्यादी द्रव्ये झाड पानातून परत ओढून घेते, देठाच्या बुडाशी पेशींचा थर धरतो आणि मग पान गळते. जखम बुजविण्याची तयारी आधी, अवयव गळणे मागाहून! आपल्या शल्यचिकित्सक मित्रांनी हेवा करावा अशी ही व्यवस्था आहे.

यासाठी अमेरिकेसच गेले पाहिजे असे मुळीच नाही. आपल्याकडे आश्विनात पाने रंगत नाहीत. त्या सुमारास सह्याद्रीच्या सड्यांवर सोनकी फुललेली असते आणि गवत सोनेरी होऊ लागलेले असते. पानांची लाली आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात येते, आणि ती गळत्या पानांची नसून कुसुंबाच्या कोवळ्या पालवीची असते. रंगद्रव्य तेच, तिकडे पानाच्या वार्धक्यात, इकडे शैशवात. चोर्ला घाट आणि आंबोली बेळगावपासून किती दूर आहेत? गोव्याला जाताना आपण त्याच घाटातून काचा लावून, फोनवर रुग्णाला गोळ्या सांगत जातो.

अडचण मी जाणून आहे. दवाखाना एकट्याचा, तो बंद दिसला की रुग्ण शेजारच्या डॉक्टरकडे जातो आणि परत येईल याची शाश्वती नसते. खरी भीती ही आहे. तिला रुग्णसेवेचे नाव आपण निदान आपसांत तरी देऊ नये. वर्षानुवर्षे न थांबता काम करणारा डॉक्टर रुग्णाचे बोलणे अर्ध्यावर तोडू लागतो, हे रुग्णांना आपल्या आधी कळते.

वार्षिक सहल हा यावर उपाय नव्हे. बसगाड्या, अंताक्षरी आणि जेवणाच्या पंक्तींत डोंगर पाहावयाचा राहून जातो. त्यापेक्षा एकाच भागातील, एकाच शाखेच्या दोन-दोन डॉक्टरांच्या जोड्या कार्यकारिणीने लावून द्याव्यात. एकाने वर्षातून दोनदा शनिवार-रविवार दवाखाना बंद ठेवावा, दुसऱ्याने त्याचे रुग्ण पाहावेत आणि सोमवारी उपचाराच्या चिठ्ठीसह ते परत पाठवावेत. पाटीवर त्या सहकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक ठळक लिहावा. जोडीची पहिली नोंद म्हणून माझे नाव घालावे. माझा दवाखाना शहापुरात आहे, आणि मला फाल्गुनाच्या अखेरचा शनिवार-रविवार हवा आहे.