प्रगती समाधानकारक

'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' असं म्हणत म्हणतच आम्ही परभणीकर लहानाचे मोठे झालो. जर्मनीला हे अजून कुणी कळवलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. सांगायचं एवढंच, की स्वतःला शंभरपैकी शंभर मार्क देऊन टाकायची आमची सवय जुनी आहे. आता शाळांनीही ती उचलली.

परवा नातवाच्या शाळेनं पालकांसाठी एक माहितीपुस्तिका घरी धाडली. चांगली चौतीस पानं, गुळगुळीत कागद. बुटाचा रंग, शनिवारच्या बुटाचा निराळा रंग, रिबिनीची रुंदी, डब्यात काय आणू नये, वाढदिवसाला काय वाटू नये, फी उशिरा भरली तर दंड किती, सगळं तपशीलवार. शेवटच्या पानावर ठळक टायपात 'निकाल : १००%'. मी पुस्तिका दोनदा वाचली. शाळेच्या बुटांबद्दल माझी पक्की खात्री पटली. शिकवण्याबद्दल मात्र पुस्तिकेनं कडक मौन पाळलं होतं.

या शंभर टक्क्यांची गंमत अशी आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कुणालाही मागं ठेवायचं नाही, असं त्यात होतं. २०१९ साली कायदा बदलला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. पण पहिली ते चौथी कुणी नापास होऊच शकत नाही. तेव्हा तिथला शंभर टक्के निकाल म्हणजे, परभणी स्थानकातून सुटलेली प्रत्येक एसटी स्थानकाबाहेर पडली, असं जाहीर करण्यासारखं आहे. ती गंगाखेडला पोचली का, ते सांगा की!

हे सगळं मी विनोद म्हणून सोडूनही दिलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी आमचा दूधवाला किटली खाली ठेवून म्हणाला, "काका, पोरीचं कारड हाय. काय लिवलंय तेवढं बगा."

पोरगी गावातल्याच शाळेत, चौथीत. मी चष्मा लावला. मराठी : ब-१. शेरा : 'वाचनाची आवड आहे. प्रगती समाधानकारक.'

"म्हंजे वाचता येतं का तिला?" त्यानं विचारलं.

प्रश्न साधा होता. कार्डावर उत्तर नव्हतं. पोरगी दाराशीच उभी होती, म्हणून मी तिच्यापुढं वर्तमानपत्र धरलं. "प... र... भ..." इथपर्यंत गाडी आली आणि थांबली. मग तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मीच नापास झालो. त्याच पोरीनं निघताना महिन्याच्या दुधाचा हिशेब तोंडी, पैशापर्यंत बरोबर सांगितला. म्हणजे डोकं जागच्या जागी होतं.

आता आमच्या वयाची मंडळी लगेच म्हणतील, "पूर्वीचं बरं होतं. नापास करायचे!" काही बरं नव्हतं. आमच्या प्रगतिपुस्तकात लाल रेघ दिसली, की वडील आधी मारत आणि मग वाचत. नापास झालेला पोरगा पुढच्या जूनमध्ये ढोरांमागं दिसायचा. तो कुठल्या अक्षरापाशी अडला, ते तेव्हाही कुणी सांगितलं नाही. लाल शाईनं निकाल कळायचा, पोरगं कळायचं नाही. आता निळ्या शाईनंही कळत नाही.

गुरुजींनाच झोडपावं, असंही नाही. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात प्रत्येक लेकराच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या. वर निवडणूक आहे, जनगणना आहे. नोंदी लिहिता लिहिता मुलांना लिहायला शिकवायचं राहून जातं.

पण काम तरी केवढं? 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून स्वयंसेवक घरोघर जाऊन लेकरापुढं एक कागद ठेवतात. अक्षरं, शब्द, चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. काही मिनिटांत कळतं, गाडी कुठवर जाते. २०२२ साली ग्रामीण भारतात पाचवीतल्या ४२.८ टक्के मुलांनाच ती दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२४ साली आकडा वाढला, तरी निम्म्याच्या आतच राहिला. अन् आमच्या कार्डांवर मात्र सगळ्यांची प्रगती समाधानकारक! समाधान नेमकं कुणाचं?

बरं, हे मागणं माझ्या मनचं नाही. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांचं कर्तव्य लिहिलं आहे : पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि लेकराची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांना सांगावी. 'सांगावी' म्हणजे समजेल अशी सांगावी. 'ब-१' हे सांगणं नव्हे, तो रेल्वेच्या डब्याचा नंबर झाला. शिवाय खासगी विनाअनुदानित शाळा सोडल्या, तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. तेव्हा आपलंही तोंड कुणी शिवलेलं नाही. गणवेशाच्या रंगावर तासभर भांडणारे आम्ही, 'वाचून दाखवा' एवढं म्हणायला लाजतो.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. कार्डावर लिहा : 'अक्षरं वाचते, शब्द जुळवताना अडते. दिवाळीपर्यंत आम्ही अमुक करू.' आणि पालकसभेत लेकराला आईबापांसमोर, वर्गाच्या कोपऱ्यात बसून, चार ओळी वाचू द्या. ज्या बापाला कार्ड वाचता येत नाही, त्यालाही ऐकू येतंच.

दूधवाल्याला हे सगळं मी सांगितलं. कार्डाच्या खाली 'पालकाची सही' अशी जागा होती. त्याला सही तेवढी येते. मी पेन पुढं केलं. त्यानं घेतलं नाही.

"कशावर सही करायची, काका?" तो म्हणाला. "कर्जाच्या कागदावर अशीच न वाचता केली हुती. अजून फेडतोय."

मग पोरीचा हात धरून तो म्हणाला, "आधी गुरुजीला इचारून येतो. पुढच्या साली पाचवी हाय तिला."